रंकाळा असा नसतोय

कोल्हापूरच्या वर्तमानपत्रांत आतल्या पानावर, निधनवार्ता आणि पाणीपुरवठा बंद असल्याची सूचना यांच्या मध्ये कुठंतरी, एक बारकी चौकट असते. अमुक कलावंतांच्या चित्रांचं प्रदर्शन शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात भरलं आहे, उद्घाटन तमुकांच्या हस्ते झालं, आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य : प्रदर्शन सकाळी १० ते रात्री ८ या वेळेत रसिकांसाठी विनामूल्य खुले राहील. तीस वर्षं मी हे वाक्य वाचतोय. कलावंत बदलतात, पाहुणे बदलतात (फारसे नाही), वाक्य तेच. कधीमधी मात्र 'रसिकांसाठी'च्या जागी 'सर्वांसाठी' असं छापून येतं. बातमी लिहून देणाऱ्याच्या हातून ते सहज झालेलं असणार. माझं मन तिथं दर वेळी अडखळतं. रसिकांसाठी आणि सर्वांसाठी ही एकाच दालनाची दोन वेगळी दारं आहेत.

आणि हे दालन उभं आहे दसरा चौकात. चौकात शाहू महाराजांचा पुतळा, आजूबाजूला त्यांच्या काळापासूनची वसतिगृहं : जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग. १९१९ साली महाराजांनी सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा सगळ्यांना खुल्या केल्या तेव्हा 'सर्वांसाठी खुले' हे शब्द या गावात हुकूम म्हणून निघाले होते, बातमीतली शेवटची ओळ म्हणून नव्हे. त्या माणसाच्या नावाच्या इमारतीत 'रसिक' हा शब्द जरा सोवळ्यातला वाटतो.

प्रत्यक्षात त्या दालनात येतं कोण? सभागृहात व्याख्यान असतं, वक्ते उशिरा येतात, तोवर श्रोते इकडं डोकावतात. उन्हातून आलेली माणसं पंख्याखाली थांबतात. पाऊस आला की छत्री विसरलेले सगळे कलाप्रेमी होतात. आणि चालत पाच-सात मिनिटांवर सी.पी.आर. आहे, सरकारी दवाखाना. पेशंटला भेटायच्या वेळेआधी आलेली गावाकडची माणसं, हातात स्टीलचा डबा, डब्याभोवती बांधलेला टॉवेल, वेळ काढायला म्हणून आत येतात. चपला बाहेर काढतात. त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. देवळात जसं जातात तसंच येतात आणि देवळात जसं बोलतात तसंच बोलतात, म्हणजे मोठ्यानं.

असाच एक माणूस आला होता, आमच्या प्रदर्शनात.

आम्ही पाच जण होतो. नुकतं चित्रकला-शिक्षकाचं ए. टी. डी. पूर्ण केलेलं, नोकरी कुणालाच नाही. पाच जणांनी वर्गणी काढून हॉलचं भाडं भरलं. फ्रेमवाल्यानं उधारीवर फ्रेमा दिल्या, पण माउंट आमचे आम्ही कापायचे अशी अट घातली. रात्रभर पत्र्याच्या पट्टीवर ब्लेड धरून माउंट कापले. त्यातले निम्मे कोपऱ्यात जास्त कापले गेले आणि तो काप पांढऱ्या पोस्टर कलरनं बुजवला. आदल्या संध्याकाळी चित्रं टांगायची. बाहेरून बघणाऱ्याला हे काम किरकोळ वाटतं. पण चित्र काढताना जेवढी भांडणं होत नाहीत तेवढी टांगताना होतात. दाराशी कुणाचं, कोपऱ्यात कुणाचं, दिव्याचा झोत कुणाच्या काचेवर पडून चित्राऐवजी बघणाऱ्याचंच तोंड दिसतंय. डोळ्यांच्या रेषेत चित्राचा मध्य यावा असं आम्हाला शिकवलं होतं. पण डोळ्यांची रेषा कुणाची धरायची? आमच्यातला एक सहा फुटी होता, त्यानं टांगलेल्या सगळ्या चित्रांकडं बाकीचे मान वर करून बघत होते. शेवटी कलादालनाच्या शिपायाला उभं केलं आणि त्याच्या डोळ्यांच्या उंचीला दोरी बांधली. माझ्या मते या प्रदर्शनात आम्ही घेतलेला तो एकमेव शहाणपणाचा निर्णय होता.

माझं मोठं चित्र होतं रंकाळा तलावाचं. जलरंगातलं, पूर्ण इम्पिरियल साइज. संध्याकाळ, पुढं संध्यामठ अर्धा पाण्यात, मागं पसरलेलं निळं पाणी आणि वर नारिंगी आभाळ. कोबाल्ट ब्लूची अख्खी ट्यूब मी त्या पाण्यात ओतली होती. वॉश असा एकसलग बसला होता की कागदावर ब्रशची एक रेघ दिसत नव्हती. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी फेटा सावरत त्या चित्रापुढं फोटो काढून घेतला. दोन मास्तरांनी पाठ थोपटली.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो आला. धोतर, अंगात बंडी, डोक्याला गुंडाळलेला पंचा. गंगावेशीत दूध कट्टा आहे. संध्याकाळी तिथं म्हशी आणून उभ्या करतात आणि माणसं समोर पिळलेलं दूध पेल्यानं तिथंच उभ्या उभ्या पितात. त्या कट्ट्यावर याची म्हैस असायची. सून बाळंतपणाला सी.पी.आर.मध्ये होती, म्हणून या बाजूला आला होता. हे सगळं त्यानं मला न विचारता सांगितलं. मग एकेक चित्र बघत निघाला. कुठं थांबेना. व्यक्तिचित्रं, स्थिरचित्रं, एका मित्रानं काढलेलं कुणालाच न कळलेलं एक अमूर्त चित्र, सगळी त्यानं एका चालीत ओलांडली. माझ्या रंकाळ्यापुढं मात्र उभा राहिला. मी मनात सुखावलो. बराच वेळ झाला. मग मान वळवून म्हणाला,

"कुनी काढलंय? तू व्हय?"

"होय."

"पोरा, रंकाळा असा नसतोय."

मी हसलो. चित्र म्हणजे फोटो नव्हे, चित्रकाराला स्वातंत्र्य असतं, वगैरे कॉलेजात शिकलेलं तोंडापर्यंत आलं होतं. तो माझ्याकडं बघतच नव्हता. चित्राकडं बोट करून म्हणाला, "दिस बुडतोय न्हवं हितं? मग पानी निळं कुठनं आलं? दिस तिकडं बुडताना पानी ताकावानी दिसतं. मधी उजाड, कडंला काळं. आनि ह्या वक्ताला वारं सुटतं. हे तुझं पानी पेल्यात ठेवल्यावानी हाय."

एवढं बोलून, नोंदवहीत काही न लिहिता (त्याला लिहिता येत होतं की नाही कोण जाणे), डबा उचलून गेला. भेटीची वेळ झाली होती.

त्या दिवशी मला राग आला, हे कबूल करायला हवं. एक म्हशीवाला मला पाण्याचा रंग शिकवून गेला. मित्रांनी 'ताकावानी' हा शब्द पुढं वर्षभर चेष्टेसाठी वापरला. पण प्रदर्शन संपल्यावर, फ्रेमा सायकलवरून परत नेऊन टाकल्यावर, मी एका संध्याकाळी रंकाळ्यावर गेलो. खरं सांगायचं तर ते चित्र मी घरी बसून काढलं होतं. संध्यामठाचं रेखाटन सकाळी केलेलं, आभाळ कॅलेंडरवरून, पाणी मनानं. रंकाळा शहराच्या पश्चिमेला आहे. शहराच्या काठावर उभं राहिलं की सूर्य समोर, पाण्यापलीकडं बुडतो. डोळ्यांवर उजेड येत असताना पाणी आभाळाचा तो खालचा, धुरकट, पांढुरका उजेडच परत फेकतं. निळं दिसण्यासाठी आभाळाचा माथ्यावरचा निळा तुकडा पाण्यात दिसायला हवा, आणि तो त्या वेळी त्या कोनातून दिसत नाही. हे नियम मी पुस्तकात वाचले होते. बघितले त्या दिवशी. पाणी मधोमध ताकासारखं पांढुरकं होतं, पातळ, किंचित पिवळसर. कडेला, धुण्याची चावी म्हणतात त्या बाजूला, काळपट. वारं होतं. संध्यामठाच्या दगडाभोवती पाणी बारीक थरथरत होतं. मी ते पाणी नंतर निदान चाळीस वेळा काढलं असेल. एकदाही जमलं नाही.

पुढं मी चित्रकला-शिक्षक झालो. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलं बसवली. प्रदर्शनं भरवली, भरवायला मदत केली, दोऱ्या बांधल्या, नोंदवहीपाशी बसलो. नोंदवहीत लोक काय लिहितात ते सांगायला नको. 'अप्रतिम.' 'खूप छान, पुढील वाटचालीस शुभेच्छा.' एखादा आपला फोन नंबर आणि व्यवसायही लिहून जातो. त्या तीस वर्षांच्या वह्यांतला एकही शेरा मला पाठ नाही. ताक पाठ आहे.

कोल्हापूरला कलापूर म्हणायची पद्धत आहे. गावाबाहेरच्या पाहुण्यांच्या भाषणात तर ते हमखास येतं. पण या गावात चित्र आधी भिंतीवर आलं, दालनात नंतर. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे सुतार-मेस्त्री घराण्यातले आनंदराव आणि बाबूराव हे दोघे याच गावचे. त्यातले बाबूराव मेस्त्री, म्हणजे बाबूराव पेंटर. त्यांचा 'सैरंध्री' हा चित्रपट १९२० साली आला. आपल्या चित्रपटांची पोस्टरं बाबूरावांनी स्वतः रंगवली. चित्रपट बघायला तिकीट लागत होतं, पोस्टर बघायला नाही. माझ्या मते कोल्हापूरचं पहिलं विनामूल्य प्रदर्शन हेच. त्याला उद्घाटक नव्हता, वेळ नव्हती. मीठ-मिरची आणायला निघालेला माणूस रस्त्यात थांबून बघायचा आणि नाक कसं आहे, साडीची घडी कशी पडलीय, यावर बोलायचा.

त्याच्याही आधी, आबालाल रहेमान. १८६० च्या सुमाराचा जन्म. वडील कुराणाच्या हस्तलिखित प्रती करायचे. जे. जे. स्कूलमध्ये शिकून, पदक मिळवून आबालाल कोल्हापूरला परतले, शाहू महाराजांनी त्यांना दरबारचे चित्रकार केलं. राहायचे कोटीतीर्थ तलावाच्या काठाला. कोटीतीर्थ, रंकाळा, पंचगंगेचा घाट हेच त्यांचं जग. १९२२ साली महाराज गेले तेव्हा दुःखाच्या भरात त्यांनी आपली पुष्कळ चित्रं कोटीतीर्थाच्या पाण्यात सोडून दिली, असं इथं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. मी ही गोष्ट वर्गात सांगायचो तेव्हा मुलं गप्प व्हायची आणि एखादं हमखास विचारायचं, "सर, मग रंग विरघळले का?" मला या गोष्टीतलं दुसरंच काही छळत आलंय. काठावर बसून हा माणूस वर्षानुवर्षं चित्रं काढत होता तेव्हा पाठीमागून कोण कोण बघून गेलं असेल? कुणी धुणं घेऊन आलेली बाई, कुणी म्हशी घेऊन आलेला गडी. त्यांच्यातलं कुणी काही म्हणालं असेल का? ठिपक्या-ठिपक्यांनी उभं केलेलं ते थरथरतं पाणी बघून मला वाटतं, कुणीतरी काहीतरी नक्की म्हणालं असणार आणि त्यांनी ते ऐकलं असणार. पुरावा काही नाही. माझ्या ताकाचा अनुभव एवढाच.

एकदा आम्ही चौघांनी मुंबईला जहांगीरमध्ये जाऊन यायचं ठरवलं. १९५२ सालापासूनचं ते दालन. आत जायला पैसे पडत नाहीत हे कळल्यावर आमच्यातला एक इतका खूश झाला की त्यानं वाचलेल्या पैशाचा वडापाव सगळ्यांना खायला घातला. चित्रं उत्तम होती, भिंती पांढऱ्या शुभ्र होत्या, थंडगार हवा होती. पण आत आम्ही चौघंही कुजबुजत होतो. का, ते सांगता येणार नाही. कुणी दटावलं नव्हतं. त्या दालनाची तारीख मिळायला चित्रकार वर्षानुवर्षं थांबतात, आणि ती वाट बघण्याची गंभीरता बहुधा भिंतींनाही लागते. बाहेर फुटपाथवर मात्र चित्रकार चित्रं मांडून बसले होते आणि तिथं आमचा आवाज परत आला. एका चित्रातल्या घाटातल्या रस्त्याकडं बघून आमचा सहा फुटी मित्र म्हणाला, "हा फोंड्याचा घाट न्हाई वाटत." चित्रकारानं वर बघितलं आणि म्हणाला, "आंबोली आहे." दोघांची अर्धा तास जमली.

आता थोडं पैशाचं, कारण 'विनामूल्य' म्हणताना त्याकडं सगळ्यांची पाठ असते. बघणाऱ्याला फुकट असतं म्हणजे कुणाला तरी पडलेलं असतं. हॉलचं भाडं, फ्रेमा, छापलेली पत्रिका, उद्घाटनाचा नारळ, समई, तेल, हार, पाहुण्यांचा फेटा, चहा. विकलेल्या चित्राखाली लाल टिकली लावतात. आमच्या पहिल्या प्रदर्शनात एकच टिकली लागली, तीही आमच्यातल्या एकाच्या मामानं घेतलेल्या चित्रावर, आणि मामानं पैसे दिवाळीला दिले. बाकीची चित्रं माळ्यावर जातात, पलंगाखाली जातात, पावसाळ्यात काचेच्या आतून बुरशीचे ठिपके धरतात. एकदा एका प्रदर्शनाला आलेले एक बडे गृहस्थ सगळं बघून झाल्यावर मला म्हणाले, "छानच. यातलं एक आमच्या बंगल्यात द्या की. चांगल्या ठिकाणी लागेल, चार लोक बघतील." पैशाचा विषय त्यांनी काढला नाही. तुमचं सगळं विनामूल्यच असतं, असा त्यांचा निर्मळ समज होता. आम्ही दिलं नाही. देऊन टाकणंही या गावाला माहीत नाही असं नाही. नट आणि चित्रकार चंद्रकांत मांडरे यांनी राजारामपुरीतलं आपलं घर आणि चित्रं सरकारच्या हवाली केली. पण ती त्यांनी मनानं दिली, बंगल्यात लावायला कुणी मागितली म्हणून नव्हे.

थंडीत टाऊन हॉलच्या बागेत 'रंगबहार' संस्थेची मैफल असते. एकीकडं गाणं चाललेलं, दुसरीकडं चित्रकार आणि शिल्पकार झाडाखाली बसून काम करताहेत. तिथं टांगायला भिंतच नाही. सकाळी फिरायला आलेली माणसं स्वेटर-कानटोपीत उभी राहतात. व्यक्तिचित्राचं प्रात्यक्षिक असेल तर एखादा चेहरा समोर खुर्चीत बसलेला असतो आणि लोक एकदा त्याच्याकडं, एकदा कॅनव्हासकडं बघतात. अर्धा तास नुसते डाग. गर्दी अस्वस्थ. मग कपाळावर एक उजेडाचा फटकारा बसतो, नाकाच्या बाजूला एक सावली, आणि मागून कुणीतरी म्हणतं, "आला रे आला!" जणू गाडी स्टँडात आली. एका वर्षी मातीचं व्यक्तिशिल्प करणाऱ्यापुढं शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतला एक गणपती करणारा उभा होता. सगळं संपल्यावर तो फक्त डोळ्यांपाशी वाकला. गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारा माणूस; एका रेषेत मूर्ती बघायला लागते की नाही हे ठरवणारा. त्यानं बुबुळापाशी बोट हवेत फिरवलं आणि म्हणाला, "हितं एक बारीक दाबलं असतं तर बघितलं असतं ह्यानं." शिल्पकारानं कोरणी उचलून खरोखर तिथं दाबलं. टाळ्या गाण्याला पडत होत्या, त्यामुळं हे कुणाला कळलं नाही.

२०१९ च्या ऑगस्टमधला पूर आमच्या गावाला कधी विसरणं शक्य नाही. कुंभार गल्लीत पाणी शिरलं तेव्हा गणपती तोंडावर आले होते. दसरा चौकाजवळचा सुतारवाडा तर दर मोठ्या पावसाला आधी पाण्यात जातो. तिथल्या माणसांना सामान बांधून बाहेर पडायची सवय झालेली. पूर ओसरल्यावर काही महिन्यांनी विद्यार्थ्यांचं एक प्रदर्शन लागलं. त्यात एका मुलाचं ॲक्रिलिकमधलं मोठं चित्र होतं : गढूळ पाण्यातली घरं, कौलांवर बसलेलं एक मांजर, दोरीवर राहून गेलेली साडी. चित्र म्हणून फार थोर नव्हतं. मांजर तर मुंगसासारखं झालं होतं. पण त्याच्यापुढं गर्दी हटेना.

एक बाई होत्या, हातात भाजीची पिशवी. त्यांनी काचेवर बोट टेकवलं. "ही पायरी आमच्यात हाय. पाणी हितं न्हवतं, हितं होतं. ह्या खिडकीच्या गजाला लागलं होतं." दुसरा म्हणाला, "तुमच्यात गजाला? आमच्यात मीटर बुडला." त्यानं आपलं बोट टेकवलं, जरा वर. तिसऱ्यानं आणखी कुठं. हात लावू नये अशी पाटी चित्राखालीच होती. शिपाई दोनदा आला, पुसून गेला. संध्याकाळी दालन रिकामं झाल्यावर मी दिव्याच्या झोतात तिरपा उभा राहून बघितलं, तर काचेवर बोटांच्या ठशांची एक वेडीवाकडी ओळ तयार झाली होती, घरांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. महापालिकेच्या नकाशात पूररेषा असते, तशी. चित्रातल्या पाण्यापेक्षा ती चांगली वीतभर वर होती. मी त्या मुलाला बोलावून दाखवली. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "सर, मी त्या आठवड्यात आजोळी होतो, चंदगडला. बातम्यांवरनं काढलंय." मी त्याला ताकाची गोष्ट सांगणार होतो. सांगितली नाही. त्याची त्याला मिळाली होती.

या वर्षी पावसाळा सुरू व्हायच्या आधी पुन्हा एक चौकट वाचली. आठ-दहा नवे कलावंत, बहुतेक पोरी. या वेळी बातमीत 'सर्वांसाठी' होतं. मी आता निवृत्त आहे, गुडघे दुखतात, पण दसरा चौक रिक्षानं लांब नाही. दालन तसंच आहे. दिवे नवे आलेत, काचेवर झोत पडून आपलंच तोंड दिसतं ते मात्र अजून तसंच. पत्रिकेऐवजी आता मोबाइलवर बघायचा एक चौकोनी ठिपक्यांचा कोड लावतात. नोंदवही आहे. पहिल्या पानावर 'अप्रतिम' होतंच.

एका पोरीनं रंकाळा काढला होता. कॉलेज संपवून वर्ष झालेलं, केस बारीक कापलेले, बोटांना निळ्या रंगाचे डाग. संध्यामठ ओळखू येत होता, क्षितिज मात्र एका बाजूला कललेलं. आणि पाणी? सगळं हिरवं. एकसारखं, घट्ट, पोपटी-काळसर हिरवं, कुठं उजेड नाही, कुठं थरथर नाही. जणू कुणी सतरंजी अंथरलीय. मधे एक बगळा त्या हिरव्यावर उभा. पाण्यावर उभा!

मी बराच वेळ थांबलो. मग तोंडातून निघून गेलं, आणि निघताना ते माझं मलाच त्याच्या आवाजात ऐकू आलं.

"बाळ, रंकाळा असा नसतोय."

ती माझ्याकडं वळली. रागावली नाही. माझ्यासारख्यांची तिला सवय झाली असावी.

"केंदाळ आहे ते सर. पूर्ण भरलंय. बगळे चालतात त्याच्यावरनं." मग जरा थांबून, खरोखर माहिती विचारावी तशी म्हणाली, "तुम्ही शेवटचा कधी बघितलासा?"

मी आठवायला लागलो. नातवाला भेळ खायला घेऊन गेलो होतो तेव्हा? तेव्हा काळोख पडला होता आणि आम्ही गाड्यांकडं तोंड करून बसलो होतो. त्याच्या आधी? पाहुण्यांना दाखवायला म्हणून गाडीतून एक चक्कर. पाण्याकडं बघायला म्हणून, वेळ धरून, सूर्य समोर असताना, कधी? तिला काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं. मी चष्मा पुसला. ती तोवर दुसऱ्या कुणाशी बोलायला लागली होती. डबा हातात घेतलेला एक माणूस तिला बगळ्याबद्दल काही विचारत होता.

साडेसहा होत आले होते. बाहेर चौकात अजून ऊन होतं, तिरपं, पुतळ्याच्या खांद्यावर. मी हात केला, रिक्षा थांबली.

"रंकाळा," मी म्हटलं.

"स्टँड का टॉवर?" त्यानं विचारलं, आणि मला ते ठरवता येईना.